सहा पंचवीसचा आवाज

नाही नाही, तो स्क्रू नको काढूस अजून, पोरी — ठेव तो पेचकस खाली — आधी चहा घे. भीमाबाईने जाताना दोनदा बजावलंय मला, स्वप्नाली आली की आधी चहा, मग काम, आणि चहा मी केलाय म्हणजे साखर जास्त असणार, तेवढं चालवून घे. ती आत्ताच गेली समोरच्या भाभीजींबरोबर, भाजीला. रविवारी तासभर तरी लागतो तिला, पाव किलो भेंडी घ्यायची तर एकेका भेंडीचं टोक मोडून बघते. तिथंच भेटलीस ना तू तिला? सांगितलं तिने — ठेल्यापाशी उभी राहून तू फोनवर आईशी मराठीत बोलत होतीस, आणि हिने पिशवी तिथंच टाकून तुला गाठलं. घरी येऊन मला म्हणते, अहो, सांगलीची पोरगी आहे, मागच्या गल्लीत पीजीत राहते, कम्प्युटरचीच नोकरी आहे, आपला कम्प्युटर फास्ट करून देते म्हणाली. मी म्हटलं, तुला कशाला हवाय फास्ट, तुला काय रॉकेट सोडायचंय? तर — तिने तुला कारण काय सांगितलं? नाही, माहीत आहे मला, पण तू सांग. — हं. ‘निलयला यायला त्रास होतो.’ हेच ना? हेच सांगणार ती.

निलय म्हणजे आमचा मुलगा, एकुलता एक. टोरांटोला असतो, आठ वर्षं झाली. ते येण्याचं सांगतो तुला, पण आधी तू काय करणार आहेस ते मला एकेक करून सांग. हसू नकोस. मी रेल्वेतला माणूस, सिग्नल मेन्टेनर, चौतीस वर्षं काढली — मूळचे आम्ही भुसावळचे, पण भरती पश्चिम रेल्वेत झाली आणि तेव्हा जयपूर पश्चिम रेल्वेतच होतं, म्हणून इकडे येऊन पडलो, बस्सीला चार वर्षं, चाकसूला सात, मग जयपूर, आणि रिटायर झाल्यावर परत कुठं जायचं म्हणून मानसरोवरात हे घर घेतलं. आमच्यात सिग्नलच्या पेटीला हात लावायचा तर आधी मेमो द्यावा लागतो, की मी अमुक वाजता अमुक बंद करतोय. त्यावर एक सही माझी, एक स्टेशन मास्तरची. दोन सह्या झाल्याशिवाय पान्याला हात नाही. तर मेमो दे तोंडी. चल.

एक, ही डिस्क जुनी झाली, तबकडी फिरते, सुई सरकते, त्यात वेळ जातो — बरोबर. तू आणलीस ती नवी. दाखव. एवढीशी? हिच्यात काहीच फिरत नाही? मतलब आवाज? — अजिबात नाही. हं. दोन, शहाण्णव टक्के भरलीय, निम्म्याहून जास्त नुसता कचरा, जुन्या नोंदी, जुने अपडेट. ते काढ, त्याला माझी ना नाही. तीन? — रोज सकाळी सहा पंचवीसला एक काम आपोआप सुरू होतं, सगळ्या फायलींची यादी बनवतं, ते तेवढा वेळ डिस्कला दुसरं काही करूच देत नाही, आणि त्या यादीचा उपयोग तुम्हाला काहीच नाही, काका, म्हणून ते बंद करायचं. हो. आणि चार, कुठलीही फाईल नुसती उघडून वाचली तरी हा कम्प्युटर वाचल्याची वेळ लिहून ठेवतो, सारखं सारखं लिहीत बसतो, तेही बंद केलं तर डिस्कचा भार हलका होईल. शाबास. काम येतं तुला, हे दिसतंय. आता ऐक — पहिलं करायचं नाही, तिसरं करायचं नाही, आणि चौथ्याला तर हातही लावायचा नाही. कचरा तेवढा काढ आणि चहा पिऊन जा.

अगं, रागावलो नाही मी. बस. तू सुट्टीच्या दिवशी आलीस, स्वतःहून आलीस, आणि हा म्हातारा वेड्यासारखं बोलतोय असं वाटणारच. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. ही लिनक्स निलयने घातलेली. शेवटचा आला होता तेव्हा. विंडोज या खटाऱ्याला झेपत नव्हती, चालू व्हायला इतका वेळ की मी बटण दाबून दाढी करून यायचो. त्याने रात्रभर — नाही, सांजेपासून जेवणापर्यंत, उगाच वाढवून कशाला सांगू — बसून ही घातली, आणि तिकडून त्याला इथं शिरता यावं अशी सोय करून ठेवली. मग आठ-पंधरा दिवसांनी यायचा तो. मतलब, खरंच यायचा. मी सकाळी सहाला उठून कम्प्युटर लावतो, मराठी पेपर वाचतो, तो जेवेपर्यंत चालूच असतो. मध्येच पडद्यावरचा बाण आपला आपण हलायला लागायचा, फायली इकडच्या तिकडे व्हायच्या, आणि भीमाबाई हातातलं पीठ घेऊन तशीच धावत यायची, बघा हो निलयचा हात! बाण हलायचा आणि ती हसायची. फोनवर तो काय, दोन मिनिटं बोलणार, जेवलीस का, औषध घेतलंस का. पण तो बाण बघायला तिला फार आवडायचं. आणि मलाही, खोटं कशाला बोलू.

मग यायचा थांबला. तीन वर्षं झाली, फेब्रुवारीत. फोनही थांबला. ही लावते तर उचलत नाही, तासाभराने निरोप येतो, बिझी आहे, नंतर करतो. ते नंतर काही येत नाही. बुद्ध पौर्णिमेला एक फुलाचं चित्र येतं तिच्या फोनवर, ते ती वर्षभर पुसत नाही. मी? मी नाही लावला. एकदाही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ बघायचा असेल तर माझ्याकडे बघ. तर एका सकाळी ती इथं, याच पलंगावर बसून रडत होती, आवाज न करता, पदराने नाक पुसत, आणि मी पेपर वाचल्याचं सोंग करत होतो. तेवढ्यात डिस्क घरघरायला लागली — घर्रर्र खट् खट्, ऐकलाय ना तू तसला आवाज — आणि दिवा लागला लुकलुकायला. माझ्या तोंडून निघून गेलं, बघ, आला. काय आलं म्हणाली. म्हटलं, निलय. तो बोलत नाही आपल्याशी, पण रोज येऊन बघून जातो. तिकडे आता रात्रीचे नऊ, घरी आला असेल, जेवायच्या आधी येऊन जातो.

तिने डोळे पुसले. झालं. तेव्हापासून रोज सहा वीसला ती चहाचा कप घेऊन या स्टुलावर बसते, कम्प्युटरच्या या डब्यावर हात ठेवते — इथं, हा रंग गेलाय ना, तो तिच्या हाताने गेलाय — आणि सहा पंचवीसला आवाज सुरू झाला की बोलते. त्याच्याशी. गुडघा आज बरा आहे रे. तुझ्या बाबांनी साखरेची गोळी काल चुकवली. भुसावळला पंढरीकाकाच्या नातवाचं बारसं झालं. आवाज बंद झाला की म्हणते, जा, जेव आता. आणि उठून पोळ्यांना लागते. पूर्वी तो आवाज चारेक मिनिटं चालायचा. अलीकडे वीस मिनिटं लागतात, धापा टाकल्यासारखं करते ही डिस्क, आणि हिला काळजी, त्याला यायला त्रास होतो हो, आपला कम्प्युटर जुना झालाय, कुणाला तरी दाखवा. मी दाखवत नाही म्हटल्यावर तिने तुला शोधलं. आता तू ही नवी डिस्क बसव, जिच्यात काहीच फिरत नाही — आणि उद्या सकाळी सहा पंचवीसला ती डब्यावर हात ठेवून बसेल. काय ऐकू येईल तिला?

तू मला खुळा समजू नकोस हं. मला माहीत होतं. आज तू सांगितलंस म्हणून नाही, पहिल्याच वर्षी कळलं. मी वेळेवर जगलेला माणूस. तिकडे नोव्हेंबरात घड्याळ एक तास मागे घेतात, निलयनेच सांगितलं होतं. आता, माणूस कामावरून घरी येऊन बसत असेल तर त्याची वेळ त्याच्या घड्याळाने ठरेल ना? इथं आवाज सात पंचवीसला यायला हवा होता. मी नोव्हेंबरात रोज उठून बघितलं. सहा पंचवीस. एक दिवस सहा चोवीस नाही की सहा सव्वीस नाही. अरे, इतकी वक्तशीर माणसं रेल्वेतही नसतात! तेव्हाच समजलो, हा कुणी माणूस नाही, हे यंत्र आहे. आणि गप्प बसलो. तीन वर्षं बायकोला मी यंत्राशी बोलायला लावलंय, पोरी, आणि शेजारी बसून पेपर वाचतोय. लाज वाटते मला त्याची. पण ती सकाळी त्या वीस मिनिटांत जी काही बोलते तेवढीच दिवसभरात बोलते.

चौथ्याचं काय? काही नाही, ते असू दे. — बरं, तू बघतेच आहेस तर बघ. ती वाचल्याची वेळ लिहिण्याची सोय मला फार आवडते. आमच्याकडेही स्टेशनावरून गाडी नुसती निघून गेली, थांबली नाही, तरी रजिस्टरात वेळ पडते. नोंद पाहिजे. कमांडही निलयनेच शिकवली होती मला, बाबा, असं टाइप केलं की फाईल शेवटची कधी वाचली ते कळतं. तुम्हाला आवडेल, म्हणाला. त्याला काय ठाऊक बाप ती कशाला वापरणार आहे. — तो फोल्डर नाही. त्याच्या खालचा. हं. ‘पंढरीस पत्र’. उघड. नको, नको उघडूस, उघडलंस की नवी वेळ पडेल! नुसती वेळ बघ. नऊ फेब्रुवारी, सकाळी नऊ वीस. त्या दिवशी नऊ वीसला आम्ही घरात नव्हतो. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, टाके काढायला साडेआठलाच गेलो होतो दवाखान्यात, आणि कम्प्युटर इथं चालूच होता. म्हणजे कोणी वाचलं असेल? तोच आला होता. शेवटचा.

पत्रात काय होतं — अगं, त्या ऑपरेशनला तो येणार होता. तिकीट काढलं होतं. दोन दिवस आधी रद्द केलं, ऑफिसचं काही निघालं म्हणे, आणि तसं करायची ती तिसरी वेळ. हिला ऑपरेशनला आत नेताना ती दाराकडे बघत होती. मला इतका संताप आला की घरी येऊन धाकट्या भावाला, पंढरीनाथला, पत्र लिहायला बसलो. याच्यावरच. लिहिलं की या पोराचं नाव आम्ही टाकलंय. तो आम्हाला मेला. उद्या आमचं काही झालं तर त्याला कळवू नका, तूच बघ. रागात माणूस काय वाटेल ते लिहितो. छापणार होतो, तर प्रिंटरची शाई संपलेली. शाई आणेपर्यंत राग गेला, पत्र राहिलं तिथंच. पंढरीला ते कधी गेलंच नाही. ज्याने वाचायला नको होतं त्याने मात्र वाचलं.

आणि एवढंच असतं ना, तरी तो माझ्यावर रागावला असता, आईशी बोलला असता. पण खाली मी नावं घातली. दोन. गुलाबराव आणि भीमाबाई. — नाही गं, तिला काय माहीत! ती दवाखान्यात होती, भूल उतरली नव्हती तिची. मी घातलं तिचं नाव. सवय. रात्रीच्या ड्यूटीला स्टेशन मास्तर डुलकी घेत असला तर उठवायचा कुठं म्हणून मीच मेमोवर त्याची पण सही ठोकायचो, सगळेच ठोकायचे, चालून जायचं. ‘मी आणि तुझी वहिनी, दोघांनी विचार करून ठरवलं आहे.’ असं लिहिलंय मी. दोघांनी. म्हणून तो तिचाही फोन घेत नाही. तिला वाटतं पोरगा बिझी आहे. पोराला वाटतं आईने नाव टाकलं. आणि मधे मी आहे, सगळं माहीत असलेला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला का सांगितलं देव जाणे. तू उद्या तुझ्या ऑफिसात जाशील, विसरशील, म्हणून असेल.

त्या बाकीच्या फायली? त्या — राहू देत. बरं, मोजल्यासच तू. अकराशे सात. रोज एक. नाव सगळ्यांचं एकच, ‘निलयसाठी’, पुढे तारीख. म्हटलं, जिथं त्याने ते वाचलं तिथंच ठेवावं, पुन्हा कधी आला तर पहिलं हेच दिसेल. फोन करायला तोंड नव्हतं, पण लिहायला काय लागतं. पहिल्या दोनेकशे फायलींत तर मी माझीच बाजू मांडतोय, तुझंही चुकलं, माझंही चुकलं, असलं. मग हळूहळू ते संपलं. मग नुसतं, आज पाणी आलं नाही, आज आईने तुझ्या आवडीचं भरीत केलं आणि खाल्लं नाही. आणि मग एका दिवशी लिहिलं की सही तिची नाही. तेव्हापासून रोज तेच लिहितो, वेगवेगळ्या शब्दांत. आणि रोज कमांड देऊन बघतो, वाचलं का. नाही वाचलं. म्हणून म्हटलं चौथ्याला हात लावू नकोस. ती वेळ लिहायचं बंद झालं तर मला कसं कळणार?

काय बघतेस भिंतीकडे? तो डबा? तो इंटरनेटचा. हो, नवाच म्हणायचा. जुना काळा होता, निलयने बसवलेला. मग त्या फायबरवाल्यांचा माणूस आला, म्हणाला बाबूजी, दुप्पट स्पीड, तोच पैसा, आणि हा पांढरा लावून गेला. कधी? थांब, चिकटपट्टीवर तारीख लिहिलेली आहे, मीच लिहितो सगळ्यावर. सतरा फेब्रुवारी. त्याच वर्षी, हो. त्याने पत्र वाचल्यानंतर आठ दिवसांनी. का गं? — सावकाश सांग. जुन्या डब्यात त्याने वाट करून ठेवली होती — हां, आत यायची — आणि ती वाट त्या डब्याबरोबर गेली. या नव्यात ती नाहीच. मग त्याला तिकडून? — काहीच दिसणार नाही. कितीही वेळा केलं तरी. इथं आपल्याला ठकठकसुद्धा ऐकू येणार नाही, नोंदही नाही.

थांब. एक मिनिट थांब, मला नीट कळू दे. म्हणजे तो आला नाही, असं नाही. म्हणजे आला असेलही. परवा आला असेल, काल आला असेल. त्या वर्षी पत्र वाचून आठ-दहा दिवस धुमसला असेल, मग म्हणाला असेल जाऊ दे, म्हातारा आहे, बघू तरी काय करतायत दोघं — आणि आला तर वाट बंद. पत्रात लिहिलंय नाव टाकलं, आणि वर आठ दिवसांत वाट बंद. त्याला काय वाटलं असेल गं? मला असतं तर काय वाटलं असतं? हेच, की बापाने मुद्दाम बंद केली. मी इकडे अकराशे वेळा लिहितोय, वाचत नाही म्हणून त्याच्यावर कुढतोय, दगड आहे म्हणतोय त्याला, आणि — चौतीस वर्षं तारा जोडल्या मी, पोरी. रोज सकाळी आधी टेस्ट, मग काम. हे एक टेस्ट करायचं सुचलं नाही मला.

नाही, तू काही करू नकोस. ती नवी वाट-बिट नको उघडूस आत्ता, ते नंतर बघू. ती डिस्कही पिशवीत टाक. रडू नकोस, तुझा काय दोष, उलट — तो माझा चष्मा दे. आणि फोन, तो तिथं, पेपराखाली. साडेदहा, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. असू दे. निजला असेल तर उठेल. माझं नाव बघून घाबरेल, कुणी गेलं की काय वाटेल त्याला, पण घाबरून का होईना, उचलेल. तू निघ आता. कप राहू दे, मी विसळतो. जिन्यात भीमाबाई भेटली तर तिला काही सांगू नकोस, तिला मी सांगणार आहे, सगळं, आजच, भाजी निवडताना. दार ओढून घे. जा, बाळा.

वाजतोय.

अजून उभीच तू? जा म्हटलं ना.

— निलय? मी. — नाही, नाही, आई बरी आहे. कुणाला काही झालेलं नाही. भाजीला गेलीय ती. — अरे ऐक, ठेवू नकोस. ते पत्र तिने लिहिलेलं नाही. तिला ठाऊकसुद्धा नाही. तिचं नाव मी घातलं. मी एकट्याने. — हो. — हो, तीन वर्षं.

बोल. मी ऐकतो.